कासिमभाईंचं अनुमोदन

कासिमभाई गेल्याची बातमी शिपायाने मला म्युनिसिपालिटीच्या दारातच सांगितली. टांग्याची वाट न पाहता मी त्यांच्या मोहल्ल्याकडे, कथड्याकडे चालत निघालो... चार वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

आम्ही एकाच पक्षाकडून निवडून आलो होतो. मी वकील, ते विणकर. सभेत ते माझ्या डाव्या हाताला बसत. मी ठराव मांडायचा आणि त्यांनी हात वर करून खणखणीत आवाजात "माझं अनुमोदन!" म्हणायचं, हे ठरूनच गेलं होतं. ठराव कसला आहे, हेही ते पुष्कळदा विचारत नसत. मी त्यावरून त्यांची थट्टा करायचो. त्यांची स्वतःची मागणी एकच होती, गल्लीत एक नळ. मी शब्द दिला होता आणि दर सभेला तो विषय मागे सारत होतो.

"वकीलसाहेब, नदीवरून घागरी घेऊन बायांनी अजून किती चढायचं?" एकदा त्यांनी विचारलं.

"पुढच्या सभेत नक्की," मी म्हणालो. पुढच्या सभेतही मी तेच म्हणालो.

आमचं बहुमत एका मताचं होतं. आमच्या अध्यक्षांवर अविश्वासाचा ठराव आला, त्या दिवशी कासिमभाई उठले आणि मुकाट्याने समोरच्या रांगेत जाऊन बसले. विरोधकांनी त्यांना नळ कबूल केला होता. आमची सत्ता गेली. चौकातल्या सभेत मी त्यांना विकाऊ म्हणालो. ते गर्दीत उभे होते... मान खाली घालून ऐकत होते.

पाइप गल्लीच्या तोंडाशी पोचला, तोवर पलीकडचे दोघे फुटून आमच्याकडे आले आणि सत्ता परत आमची झाली. काम थांबवण्याच्या कागदावर पहिली सही माझी होती. कारण काहीतरी लिहिलं होतं. खरं तर तो निव्वळ सूड होता. मला त्याची लाज वाटते.

ते गेल्याचं कळलं त्या दिवशी मी त्यांच्या दारात पोचलो, तेव्हा मय्यतीच्या आंघोळीसाठी माणसं नदीवरून पाणी आणत होती. मीही एक घागर घेऊन उतरलो. येताना अर्ध्या चढावरच धाप लागली. वर गल्लीच्या तोंडाशी तो पाइप होता, लाकडाचं बूच मारलेला.

गेल्या मंगळवारी मी नळाचा ठराव मांडला.

"अनुमोदन कोणाचं?" अध्यक्षांनी विचारलं.

सवयीने मी डावीकडे पाहिलं. त्या खुर्चीवर आता दुसरे सभासद बसतात. ते खिडकीबाहेर बघत होते.