मामाच्या सॉफ्टवेअरमध्ये न मावलेलं पटांगण

दिगंबरमामा गेला, हे आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मी नांदेडच्या बसस्टँडवर आमच्या कामगार युनियनची पत्रकं वाटत होते. उरलेली पिशवीत कोंबली आणि लातूरची गाडी धरली. वाटेत रडू आलं नाही, राग आला. महिना उलटला, अजून येतोय...

मामा लातूरच्या एका डाळमिलमध्ये इंजिनिअर. साल सुटावं म्हणून तेलपाणी लावलेली तूर तिथं पटांगणात उन्हाला घालायचे आणि बाया दिवसभर तिच्यातून पाय ओढत ती हलवायच्या. मामाही बूट काढून त्यांच्या मागं अनवाणी चालायचा. तेवढ्यावर आम्ही युनियनवाल्यांनी त्याला आपला मानलं! अख्खी मिल आधी कॉम्प्युटरवर चालवून बघायचं सॉफ्टवेअर मालकांना हवं होतं. निवड मामाकडं आली, तेव्हा बायांना मीच सांगितलं, "मामा हाय तिथं, घोर करू नका."

सॉफ्टवेअर दोन होती. एकात ऊन, ढग, बायांचा विसावा, सगळं भरता यायचं. दुसऱ्यात नुसती यंत्रं, वाळवण म्हणजे ड्रायर. पहिलं मामानं बायांना दाखवलं. पडद्यावर ठिपके फिरू लागले तशी शांताबाई म्हणाली, "साहेब, ह्यातली मी कोणती? ती लई हळू चालणारी माझी जाऊ असंल." मामा पोट धरून हसला. निघताना मला म्हणाला, "हेच घ्यायलोय बघ. पटांगण ऱ्हाईल."

घेतलं दुसरं. ड्रायर आले, बाया घरी बसल्या. शांताबाई आता मुरुडकडं सोयाबीन काढायला जाते.

मी भांडायला गेले. मामा जेवत होता.

"पहिल्यातबी सगळं भरून पाह्यलं, पोरी. बाया परवडत न्हाईत, असंच निघालं. मग ज्यात त्या दिसतच न्हाईत, ते घेतलं."

"आम्हाला का नाही सांगितलंस? भांडलो असतो."

"म्हणूनच न्हाई सांगितलं."

हरलो असतो तर हरलो असतो. पण लढायची वेळच आमच्या माणसानं आमच्याकडून काढून घेतली, तीही आमची काळजी केल्यासारखी.

तेराव्यानंतर मामीनं त्याचे शर्ट आवरायला काढले. खिशाखिशात तुरीचे दाणे. ओल किती राहिली ते तो दाणा दातानं फोडून बघायचा. आता ते यंत्र सांगतं. तरी ड्रायर आल्यावर घेतलेल्या दिवाळीच्या नव्या शर्टातही दाणे होतेच. मामी म्हणाली, "सवय जात न्हवती गं त्यांची."

एक दाणा मी दाताखाली धरला. कटकन फुटला, चांगला वाळलेला. ड्रायरचा माल... थुंकून टाकला.