सासूबाईंच्या पोटावर कुणी हात ठेवला नाही

माझ्या सासूबाई संडास अडकून गेल्या.

हो, हेच लिहिणार आहे. किळस येत असेल त्यांनी पुढे स्क्रोल करावं.

आज त्यांची पुण्यतिथी. सकाळी फॅमिली ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "कुणालाही त्रास न देता गेलेली माऊली." खाली हात जोडलेल्यांची रांग.

माझं डोकंच फिरलं.

साठचं दशक. समुद्रकाठच्या दांडी गावातलं घर, मी नवी सून. बोंबील वाळत घालताना सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. अंथरुणालाच खिळल्या.

घरोघरी संडास नव्हतेच. बायका पहाटे मिळून किनाऱ्यावर जायच्या. सासूबाई कशा जाणार?

मी म्हटलं, "मागच्या पडवीत आडोसा करून भांडं ठेवू."

सासरे गरजले, "घरात देव हाय! उकिरडा करतेस काय?"

मग सासूबाईंनीच मार्ग काढला. खाणं-पिणं तोडलं.

"पानी नको गं पोरी. प्याले त मंग जावा लागल."

आणि घरात त्याचं कौतुक! "म्हातारी गुणाची हाय, कोनाला तरास नाय."

पोट फुगलं. त्या उशीत तोंड खुपसून कण्हायच्या.

मग एक दिवस पातळ झिरपायला लागलं. लुगडी खराब व्हायला लागली.

"हगवण लागली," म्हणत जाऊबाईंनी जायफळ उगाळून चाटवलं. होतं तेवढं पाणीही बंद केलं. डॉक्टर आले, उंबऱ्यातूनच चौकशी करून जुलाब थांबायचं औषध देऊन गेले.

थांबायचं औषध!

पुढे माझी लेक डॉक्टर झाली, तेव्हा कळलं. "आई, आत मळाचा खडा घट्ट बसला की कडेने पातळ वाहतं. तो जुलाब नसतोच. वेळेवर एनिमा दिला असता ना..."

एक एनिमा. शेजारी अणूपासून वीज करायचं केंद्र उभं राहत होतं, आणि आमच्याकडे एका भांड्याची लाज.

तुमच्या घरी कुणी अंथरुणावर असेल तर रोज विचारा, पोट साफ झालं का. स्पष्ट विचारा. पाणी द्या. लाज गेली खड्ड्यात.

शेवटच्या सकाळी सासूबाईंनी माझा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवला. दगडासारखं कडक लागलं.

"बग," म्हणाल्या. "मना लय दुकतं."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दुखतंय असं बोलल्या. संध्याकाळी गेल्या.

सासूबाई, तुम्हाला फार त्रास झाला. तुमच्या या सुनेचा नमस्कार घ्या.