आधी सांग, उभा हाय का?

आमच्या नरेनचे किस्से साठायला वेळ लागत नाही. एका रेसमध्ये तो जितक्या वेळा पडतो, तितके किस्से घेऊनच आम्ही गावी, उमेळ्याला, परततो. मातीच्या ट्रॅकवर टेकाडांवरून मोटारसायकल उडवणारा देशाचा चॅम्पियन! लोकांना कपाटातल्या ट्रॉफ्या दिसतात. मला त्यांच्यामागे खुपसलेली एक्स-रेची पाकिटं दिसतात. मी त्याचा मावसभाऊ दीपक. नोकरी बँकेत, पण रेस असली की ट्रॅकच्या कडेला बोर्ड धरून उभा. कितवा चाललाय, पुढच्याशी किती अंतर आहे, ते त्यावर लिहून त्याला दाखवायचं.

*

नरेन गाडी शिकला तो केळ्यांमुळे. घरातल्या जुन्या मोटारसायकलला केळीचे घड बांधून तो बाजारात न्यायचा, आणि रस्ता म्हणजे नुसते खड्डे. डाग पडलेली केळी कोणी घेत नसे. ती परत आली की मावशी, म्हणजे त्याची आई, त्याच्याच ताटात वाढायची.

पुढे एका चॅनेलवाल्याने विचारलं, "लहानपणी स्पेशल डाएट काय होतं?"

"डाग पडलेली केळी," नरेन म्हणाला. "गाडी नीट यायला लागली, तसं बंद झालं!"

*

मावशी त्याची रेस कधी बघायची नाही. टीव्हीवर नाही, मोबाइलवरही नाही. रेस संपली की, किंवा तो पडला की, आधी मी तिला फोन करायचा, ट्रॉफी आणि फोटो नंतर, असा घरचा नियम. नरेन पहिल्यांदा मोठी रेस जिंकला तेव्हा मी फोनवर बोंबललोच, "मावशी, पहिला आला, पहिला!"

"पयला-दुसरा मंग सांग. उभा हाय का?"

"उभा आहे."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. झालं अभिनंदन!

*

माझ्या भित्रेपणाचे पराक्रमही कमी नाहीत. एकदा नरेन सगळ्यांच्या पुढे होता, शेवटचे दोन फेरे उरले होते, आणि प्रत्येक उडीला माझा जीव खाली-वर होत होता. अंतर लिहायचं सोडून मी बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हळू'. नरेनने ढुंकूनही पाहिलं नाही. पण चेन्नईच्या टीमच्या मॅनेजरने बोर्डाचा फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत आमच्या मेकॅनिकच्या मागे लागला, "ये कौनसा सिग्नल है?"

*

रस्त्यावर मात्र हा चॅम्पियन सशाच्या काळजाचा. पावसाळ्यात आम्ही दोघं त्याच्या मोटारसायकलवर चिंचोटीकडून येत होतो. धबधब्यावर जाणारी गर्दी, समोरून रिक्षा, उलट्या बाजूने टेम्पो. नरेन रस्त्याच्या अगदी कडेने, सायकलच्या वेगाने. तेवढ्यात एका बाइकवर ट्रिपल सीट पोरं शेजारी आली. "काका, जमत नसेल तर रिक्षाने जा ना!"

मला हसू आवरेना. नरेन गंभीरपणे म्हणाला, "बरोबर बोलतायत. ट्रॅकवर निदान सगळे एकाच बाजूला जातात रे!"

*

पण खरी भीती ट्रॅकवरचीच. नरेन पडला की चेंडूसारखा टुणकन उठतो. लोक टाळ्या वाजवतात आणि मी खिशातला फोन चाचपतो. एकदा खांद्याचं हाड मोडलेलं असताना तो उठला, धड असलेला हात कानाशी नेऊन मला खूण केली, फोन कर. मी फोन लावून "उभा आहे" म्हणालो. फोन खिशात ठेवेपर्यंत गडी आडवा! खोटं बोललो नाही, एवढंच काय ते समाधान.

डॉक्टर जाम भडकले. "पडल्या पडल्या उठता कशाला? मणक्याला मार असला आणि असे उठलात, तर पुन्हा कधी उठायला नको! मदत येईपर्यंत पडून राहायचं."

"घरी फोन जातो ना," नरेन ओशाळून म्हणाला. "आई विचारते, उभा हाय का."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी दाराकडे. दारात मावशी डबा घेऊन उभी होती. ती आत आली, भात कालवला आणि त्याला भरवायला लागली.

*

त्यानंतरची रेस नाशिकला होती. सकाळी गाडीत सामान भरत होतो, तर मावशी नेसून-सवरून मागच्या सीटवर जाऊन बसलेली. "मी पन येते." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नाही म्हणायची कोणाची टाप?

रेसभर ती कुंपणाच्या पत्र्याला धरून उभी होती. मी बोर्डापेक्षा तिच्याकडेच जास्त बघत होतो. मोठ्या उडीवर मागच्या गाडीचं चाक नरेनच्या गाडीला लागलं आणि दोघेही हवेतून खाली आले. नुसती धूळ! लाल झेंडे हलले, रेस थांबली. मी बोर्ड तिथेच टाकला.

धूळ जरा बसली तेव्हा नरेन दिसला. पाठीवर पडलेला, पण एक कोपर जमिनीला टेकून अंग उचलायला बघत होता. "उठू नको!" मी ओरडत पळालो. हेल्मेटमध्ये त्याला काय ऐकू जाणार?

माझ्या पुढे एक साडी पळत होती. ट्रॅक सांभाळणारा मार्शल शिट्या मारत होता, "मॅडम, बाहेर व्हा!" मावशी मातीत गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही तळवे नरेनच्या छातीवर दाबून धरले.

"पडून रा!" ती त्याच्यावर खेकसली. "कोनी सांगितलंय तुला उठायला?"