ओल्या फडक्यावर आलेली नटी

डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला सक्करदऱ्यातली एक लोखंडी पेटी आठवते. मूकपटांतली एक नटी आमच्या नागपूरची, पंचविशीच्या आतच क्षयानं गेलेली. पण पडद्यावर आली म्हणून घरच्यांनी पितृपक्षात तिचं पान कधी वाढलं नाही. वा रे घराणं! कॉलेजात असताना मी त्यावर तिखट पत्रक लिहिलं आणि छापायला तिचा चेहरा हवा म्हणून तिच्या नव्वदीतल्या भाचीकडे गेले. आजीनं पेटीतून वीतभर फिल्म काढली. "एवढीच राहिली वं. बाकीची बांगड्यावाल्यानं नेली, वितळवून बांगड्या कराले." फिल्म चिकट, धुळकट होती. मी घाईनं तिच्यावर ओलं फडकं फिरवलं आणि डोळे, कपाळ, हसू, सगळं काळा चिखल होऊन फडक्यावर आलं. हातात कोरी पट्टी उरली. आजी ओरडली नाही. "काहून पुसलं वं? मी रोज तिले उजेडात धरून पाहत होती," एवढंच म्हणाली, आणि ते फडकं माझ्या हातातून काढून घेऊन तिनं जपून घडी घातली. सगळ्यांनी टाकूनही ती नटी इतकी वर्षं टिकली होती; तिला शेवटचं मी घालवलं, हे मी आजवर कुठल्याही सभेत बोललेले नाही.