हात माझा, पोट ईराचं

तुम्ही हसणार, हे धरूनच सांगते. गेला महिनाभर मला धड झोप नव्हती, कारण ईराचं, म्हणजे माझ्या साडेचार वर्षांच्या लेकीचं, पोट रोज बरोबर शाळेच्या वेळेला दुखायचं. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, काही नाही. आता 'काही नाही' ऐकून कुठल्या आईला बरं वाटलंय? ईराने डोळे उघडायच्या आत मी तिच्या तोंडाशी वाकून विचारायचे, "दुखतंय का गं?"

मग कुणीतरी सदाशिव पेठेतल्या एक बाई सुचवल्या. त्या म्हणे स्नायूंची ताकद तपासून कुठला पदार्थ सोसत नाही ते सांगतात. शिकलेली मी, तरी गेले. लहान मुलांचे स्नायू तपासता येत नाहीत, म्हणून आईचे तपासायचे. ईरा माझ्या मांडीवर, तिच्या मुठीत दुधाची इवलीशी बाटली आणि माझा उजवा हात समोर ताठ. हात खाली गेला, की बाटलीतला पदार्थ बंद. बाईंनी मनगटावर दोन बोटं टेकवली. हात पडला.

गहू. पडला. दाणे. पडला. दही, गूळ, केळं... शेवटी तर बाई पुढची बाटली घ्यायला वळल्या, तेवढ्यात हात आपला आपणच खाली!

"पोटाची ऊर्जावाहिनी फारच अशक्त आहे," बाई म्हणाल्या. ईराच्या गुडघ्याखालचा ॲक्युप्रेशरचा बिंदू दाखवून तो सकाळ-संध्याकाळ दाबायला सांगितला, आणि बंद पदार्थांची यादी दिली.

नवऱ्याने ती शांतपणे वाचली. "पाणी चालेल ना? का तेही विचारून यायचं?"

तीन आठवडे पोरीने मुगाचं वरण आणि भात खाल्ला. बिंदू दाबून दाबून पायावर निळा डाग पडला. पोट दुखायचं ते दुखतच राहिलं.

परवा ती दवाखाना-दवाखाना खेळत होती. बाहुली माझ्या मांडीवर, माझा हात ताठ. ईराने गंभीरपणे एक बोट टेकवलं. हात पडला.

"हिच्या हातात काय दिलंयस गं?" मी धसकून विचारलं.

"काहीच नाही."

तेव्हा कुठे मला आठवलं. महिन्यापूर्वी स्कूटर स्टँडवर लावताना माझा उजवा खांदा लचकला होता. बाईंना सांगायचंच राहिलं. माझ्या खांद्यापायी लेकीचं दूध तोडलं होतं मी.

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. कारण ईराने घाईघाईने बाहुली उचलली आणि तिला भिंतीकडे वळवून धरलं.

"आई, असं तोंड नको ना करू. तू असं तोंड केलंस की हिचं पोट दुखतं."