ह्यांच्या वाटणीचं गोड

आमच्या ह्यांनी जन्मात दारूला हात लावला नाही. त्यामुळे सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी निघाली तेव्हा त्यांना पहिली धास्ती पडली ती बऱ्हाणपुरातल्या आमच्या लोधीपुऱ्यातले लोक काय म्हणतील याची. लिव्हरचं काय होईल हा विचार नंतरचा. घरी येईपर्यंत रिक्षात तीनदा बजावलं, "गल्लीत कोणाला बोलू नको."

डॉक्टरांनी गोळ्यांवर भर दिलाच नाही. साखर, मैदा, तळलेलं, बाटलीतलं थंड पेय बंद करा, भाजी-डाळ वाढवा, रोज चाला, वजन हळूहळू उतरवा. वेळीच आवरलं तर लिव्हर पुन्हा सुधारतं, असं ते म्हणाले. हे सगळं त्यांनी मला सांगितलं, माझ्याकडे बघून. पेशंट शेजारी बसून मोबाइल चाळत होता.

मी पथ्य असं मनावर घेतलं की विचारू नका. चहातली साखर गेली, पुऱ्या गेल्या, ज्वारीची भाकरी आणि मुगाची डाळ आली. तेल चमच्यानं मोजून घालू लागले. सकाळी साडेपाचला ह्यांना उठवून लालबागच्या रस्त्यानं चालायला पिटाळायचे. ते मोकळ्या हवेत हात हलवत जायचे आणि मी शाळेत शिकवायला जायच्या आधी सगळ्यांचे डबे उरकायचे. मी पण चालायला हवं, हे कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही, आणि याचा राग मला अजून येतो.

खरी लढाई गोडाशी होती. बऱ्हाणपुरात लग्न कोणाचंही असो, रवा-तुपाचा गोड दराबा घरपोच येतो. पाहुणा इतवारा बाजारातून येताना मावा जिलेबीचा डबा घेतल्याशिवाय दारात पाय ठेवत नाही. आणि डबा ह्यांच्या नजरेला पडला की संपलंच. म्हणून मी तो दारातच पाहुण्याच्या हातातून घ्यायचे आणि आत न्यायचे. पण आत नेऊन करायचं काय? शेजारी द्यावं तर त्यांच्याकडेही तोच दराबा आलेला. फेकायचं तर माझ्याच्यानं होत नव्हतं, आणि सासूबाई तर लगेच म्हणायच्या, "अन्न फेकू नको व माय. तू खाऊन टाक. तुले काय झालं?"

मला काहीच झालं नव्हतं. मी ओट्याशी उभी राहून, दाराकडे पाठ करून, खाऊन टाकायचे. ह्यांना मोह नको म्हणून. रात्री उरलेला भात सकाळी फोडणी देऊन माझा. मुलांच्या ताटातलं उरलेलं माझं. त्यात उपवास. सोमवार ह्यांच्यासाठी, चतुर्थी मुलांसाठी, गुरुवार घरासाठी. साबुदाण्याची खिचडी, उकडलेला बटाटा, केळ्याचे वेफर्स, वर दोनदा गोड चहा. उपवासानं अंग हलकं होतं म्हणून मी ते मन लावून करत होते.

दोन वर्षांत ह्यांचं पोट आत गेलं. नातेवाईक म्हणायचे, "काय संयम आहे माणसाचा!" हे नम्रपणे मान हलवायचे. मला ते ऐकून बरं वाटायचं. खरंच वाटायचं.

मग माझ्या उजव्या कुशीत जड वाटायला लागलं. पित्ताचा खडा असेल म्हणून सोनोग्राफी केली. खडा नव्हता. लिव्हरवर चरबी होती, ह्यांच्या पहिल्या रिपोर्टापेक्षा जास्त. डॉक्टरांना पटेना. "आपके घर में तो परहेज़ चलता है ना, भाभीजी?" मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "हमारे घर में सबका खाना एक ही बनता है."

डॉक्टरांनी ह्यांच्याकडे लक्ष न देता मला विचारलं, "कल सुबह से क्या-क्या खाया?" काल गुरुवार होता. मी एकेक सांगत गेले. साबुदाणा, बटाटा, वेफर्स, चहा, आणि पाहुण्यांनी आणलेल्या, उपवासाला चालणाऱ्या दोन मावा जिलेब्या, कारण दुसऱ्या दिवसापर्यंत त्या ह्यांच्या नजरेला पडल्या असत्या. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आत्ता थांबलात तर मागे फिरता येईल, नाहीतर पुढे लिव्हर कडक होत जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. हे पहिल्यांदाच मोबाइल खिशात घालून ऐकत होते.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आता तू तुझं थोडं येगळं करून घेत जाय. घरभर साऱ्यायले कायले तरास?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्यांच्या वेळी घरभर सगळ्यांनी मुकाट्यानं भाकरी खाल्ली होती. त्रासाचा शब्द कोणी काढला नव्हता. आणि माझं पथ्यही मीच वेगळं शिजवायचं, सगळ्यांचं झाल्यावर.

त्याच आठवड्यात ह्यांचा रिपोर्ट आला. लिव्हर चांगलं झालं होतं. संध्याकाळी हे इतवाऱ्यातून मावा जिलेबीचा मोठा डबा घेऊन आले. एक जिलेबी खाल्ली, ओठ पुसले, "बस, मला एवढंच चालतं," म्हणाले आणि डबा माझ्याकडे सरकवला. "बाकीचं तू आवर."

चारच दिवसांपूर्वी माझ्या शेजारी बसून डॉक्टरांचं सगळं ऐकणारा माणूस हा.

मी डबा परत त्यांच्यापुढे सरकवला.

"मग याचं काय करायचं?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. दोन वर्षं येणारं गोड जातं कुठे, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

मी कचऱ्याच्या बादलीचं झाकण उघडून धरलं.

"अगं, अन्न आहे ते!"

"हो ना. मग इतके दिवस माझ्या पोटात टाकत होतात ते काय होतं?"

सासूबाईंनी तोंड फिरवलं. ह्यांनी डबा उचलला. मी झाकण सोडलं नाही. शेवटी त्यांनी जिलेब्या एकेक करून टाकल्या. पाक बोटांना चिकटला, तो धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला ह्यांना हाक मारली नाही. मी चपला घातल्या आणि लालबागच्या रस्त्याला लागले. मागे डब्यांची कणीक भिजवलेली नव्हती.