पाखाडीवरचा निरोप

बिबवेवाडीत आमच्या कोपऱ्यावर पूर्वी पिठाची गिरणी होती. तिथे आता माशांच्या जेवणाचे नवे हॉटेल उभे राहते आहे. काल संध्याकाळी भाजी घेऊन परतताना पाहिले, तर गवंडी दर्शनी पायऱ्यांना जांभ्याचे चिरे बसवत होता आणि वरून पाणी मारत होता. भिजल्या जांभ्याचा तो लोखंडी, किंचित शेवाळलेला वास नाकात शिरला आणि मी पिशवी हातात धरून तसाच उभा राहिलो. चिरे नवे नव्हते. कडा झिजलेल्या, मधोमध खोलगट झालेले. "जुनेच लागतात मालकाला," गवंडी म्हणाला. "कोकणात रस्ते नवीन करतेत, तिथनं निघतेत. गिऱ्हाइकाला गावाकडं आल्यागत वाटलं पाहिजे म्हणे." गावाकडे आल्यासारखे मला वाटले खरे, पण भूक मेली.

आमचे गाव समुद्राकाठचे, धड शहर नाही, धड खेडे नाही. बंदरावरून वर टेकाडाकडे जाणारी जांभ्याच्या पायऱ्यांची वाट, तिला आम्ही पाखाडी म्हणतो. दोन्ही बाजूंना दगडी गडगे. मासे विकणाऱ्या बाया त्यांवर टोपली टेकवून दम खायच्या. पाखाडी इतकी अरुंद की दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर एकीला नमते घ्यावे लागे. कुणाकडे काय शिजते आहे ते चालता चालता कळे, आणि ते करपले आहे हे ओरडून सांगायला कुणी लाजत नसे.

या पाखाडीची एक रीत होती. कुणी गेले, की स्मशानाकडे उतरताना खांदेकरी दर घरापुढे क्षणभर थांबत आणि गेलेल्याच्या वतीने म्हणत, "येतो हं." बाई असली तर, "येते हं." एरवी निघणाऱ्याला आपण 'या'च म्हणतो. कितीही कंटाळा आणलेला पाहुणा असो, 'जा' म्हणत नाही. पण त्या दिवशी दारातले माणूस हात जोडून म्हणे, "नीट जा." आयुष्यात एकदाच, तेही आयुष्य संपल्यावर मिळणारा हा शब्द. बांधावरून भांडलेली घरेसुद्धा तो द्यायची. तो मिळाला नाही तर जीव वाटेतच घुटमळतो, अशी समजूत. आईने आमच्या दारातून कितीतरी जणांना असे वाटेला लावले होते. आपल्यालाही याच पाखाडीने न्यावे, एवढेच तिचे मागणे होते.

मी शिकायला पुण्यात आलो, इथलाच झालो, आणि दर खेपेला गावात काहीतरी कमी दिसू लागले. आधी कौले उतरली, पत्रे चढले. मग गडगे पाडून उंच भिंती आल्या, वर काचा रोवलेल्या. टोपली टेकवायला जागा उरली नाही, तशा टोपलीवाल्याही येईनाशा झाल्या. समुद्र दिसतो एवढ्याशा भांडवलावर घरांची लॉज झाली. बंदराजवळ अशी एक इमारत उठली, की आमच्या पडवीतून समुद्र दिसेनासा झाला, नुसता आवाज येत राहिला. शेवटी पाहुण्यांच्या गाड्या वर जाव्यात म्हणून पाखाडीच उखडली आणि सिमेंटचा उतार ओतला. नावे तरी कुणाला ठेवायची? पाहुणे बहुतेक पुण्याचेच.

त्यानंतर आईला मी इकडे आणले. घर सोडताना ती उतारावर थबकली, चपलेने सिमेंट चाचपले आणि म्हणाली, "आता इथून कसं रे नेणार मला?" चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून ती शेवटपर्यंत हेच विचारत राहिली. मी "नेईन" म्हणत राहिलो.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी ती गेली. गावी चुलतभावाला फोन केला. तो रडला, मग म्हणाला, "आण तिला. मी आहेच. पण दारात उभी राहायला माणसं कुठून आणू? कुठे पर्यटक, कुठे राखणदार, बाकी सगळी कुलपं." मग इथेच करायचे ठरले.

लिफ्ट एवढीशी, की स्ट्रेचर आत मावेना. जिन्याने उतरवताना माझ्या मनाने काय घेतले कोण जाणे, दर मजल्यावर मी सगळ्यांना थांबवले आणि दारांकडे पाहून म्हणालो, "येते हं." तिसऱ्यावर कुलूप. दुसऱ्यावर दार किलकिले झाले. कानांत इअरफोन घातलेला तरुण "ओह, सॉरी काका" म्हणाला आणि दार अलगद लागले. पहिल्यावर आतून टीव्हीचा आवाज तेवढा आला. तळमजल्यावर मात्र अमरावतीकडच्या बाई दारात उभ्या होत्या, डोळे भरलेले. मी म्हणालो, "येते हं." त्या बिचाऱ्या गोंधळल्या आणि हात जोडून, सवयीने म्हणाल्या, "हो माय, या."

सबंध वाटेवर आईला मिळालेला एकच निरोप, आणि तोही परत बोलावणारा.

"काका, सरका जरा," गवंड्याने पुन्हा पाणी मारले. हे चिरे आमच्याच पाखाडीचे असतील असे नाही. कोकणात उखडलेल्या वाटा काही थोड्या नाहीत. पण त्यांचा खोलगटपणा पायांनीच आणलेला होता. मी सर्वांत खालच्या पायरीवर पाऊल ठेवले आणि शब्द अगदी ओठांवर आला. ती रीत ठाऊक असलेला या शहरात मी एकटाच. आईला निरोप द्यायचा, तर आता मीच द्यायला हवा. पाखाडी गेली, घरे गेली, तिला 'नीट जा' म्हणणारे एकच तोंड उरले आहे, आणि त्या तोंडाला अजून ते म्हणवत नाही.